ट्रिअर ते मेस : शंभर किलोमीटरचा एक दिवस

युरोपात गाडी भाड्यानं घेऊन फिरायला निघणाऱ्या मराठी घरांत हल्ली एक वाद हमखास होतो, आणि तो नकाशावर बोट ठेवूनच होतो. एक बाजू म्हणते, रस्ते गुळगुळीत आहेत, नाके उठले आहेत, तेव्हा दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर कापावेत आणि जमतील तेवढी शहरं पदरात पाडून घ्यावीत. दुसरी बाजू म्हणते, एखादा दिवस तरी मुद्दाम सावकाश जावं, सीमेवरच्या गावांतून जावं आणि रात्रीचं जेवण त्या मुलखाचंच शोधून जेवावं. हा वाद मी इथं एक मावशी आणि तिचा भाचा यांच्या तोंडी घातला आहे. माणसं कल्पित आहेत. माझा कल मावशीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण भाच्याचे मुद्दे पोकळ नाहीत, आणि त्यातला एक तर मला शेवटपर्यंत खोडता आलेला नाही. त्यांच्यासमोरचा नकाशा जर्मनी, लक्झेंबर्ग आणि फ्रान्स जिथं एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्याचा आहे. सुरुवात जर्मनीतल्या ट्रिअरहून. भाच्याला संध्याकाळी पॅरिसला असायचं आहे, म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास. मावशीला त्या दिवसात फ्रान्समधल्या मेसच्या पुढं जायचंच नाही, म्हणजे जेमतेम शंभर.

भाचा : मावशी, शेंगेन करार झाला कशासाठी ते आधी बघ. 1984 च्या फेब्रुवारीत आल्प्समधल्या सीमांवर ट्रकवाल्यांनी रस्ते अडवले होते, कारण नाक्यावर तासन्‌तास खोळंबून ते कंटाळले होते. त्याच वर्षी 13 जुलैला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं सारब्रुकेनला आपसातली तपासणी सैल करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग त्यात आले आणि 14 जून 1985 ला शेंगेनची सही झाली. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी खोळंबा आहे, आणि तो संपवणं हीच त्याची कमाई. आजही लक्झेंबर्गमध्ये नोकरीसाठी दोन लाखांहून जास्त माणसं फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून रोज ये-जा करतात. सीमेवर रेंगाळायला आवडेल का, हे त्यांना विचारून बघ. आपल्याकडे मुंबईच्या वेशीवर जकात नाक्यापाशी ट्रकच्या रांगा लागायच्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, आणि त्या रांगांसाठी कुणी हळहळलं नाही. मग लोकांनी झगडून मिळवलेला वेग आपण का नाकारायचा?

मावशी : रांगा परत आणा असं मी म्हणतच नाहीये. ट्रकवाल्याला, रोज कामावर जाणाऱ्या नर्सला सीमा जाणवूच नये, हेच बरोबर आहे. त्यांचं काम पलीकडे आहे. तुझं-माझं काम काय आहे? आपण बघायला निघालोय. सारब्रुकेनहून लक्झेंबर्गला जाणाऱ्या हमरस्त्याचंच घे. तो मोझेल नदीवरच्या उंच पुलावरून येतो आणि लगेच डोंगरातल्या बोगद्यात शिरतो. बोगदा दीड किलोमीटरहून थोडा लांब आहे, 2003 साली खुला झाला. तो ज्या द्राक्षमळ्यांच्या खालून जातो ते मळे शेंगेनचे. ज्या गावाचं नाव आपल्या पासपोर्टातल्या व्हिसावर छापलेलं असतं, त्या गावातून माणूस अंधारातून मिनिटभरात पार होतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. तुझा पॅरिसचा रस्ता लक्झेंबर्ग शहराला वळसा घालून जातो, तिथंही देश बदलल्याचा एक निळा फलक सोडला तर काही दिसणार नाही. सीमा उघडली गेली ही गेल्या शतकातली केवढी मोठी घटना, असं आपण म्हणतो. मग ती कुठं आणि कशी उघडली ते बघायला अर्धा दिवस तरी द्यायला नको?

भाच्याच्या मुद्द्यातला इतिहास खरा आहे, आणि तो मान्य करूनच पुढं जायला हवं. सहीच्या वेळी कुठल्याच देशाचे पंतप्रधान आले नव्हते. राज्यमंत्री आणि सचिव दर्जाची पाच माणसं ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या प्रवासी बोटीवर जमली होती. आणि बोटच का, याचं उत्तर नदीत आहे. लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्यामधून मोझेल साधारण चाळीस किलोमीटर वाहते, डाव्या तीरावर लक्झेंबर्ग आणि उजव्या तीरावर जर्मनी. पण 1816 च्या करारानुसार सीमेवरचं हे पात्र दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे. पात्राच्या मधोमध रेघ नाही. शेंगेनहून समोरच्या पर्ल गावाला जाणाऱ्या पुलावरून कुणी पायी निघालं, तर अमुक पावलावर लक्झेंबर्ग संपलं असं त्याला म्हणता येत नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तो एकाच वेळी दोन्ही देशांत असतो. उजवीकडे वळून बघितलं तर नदीच्या वरच्या अंगाला, थोड्याच अंतरावर, फ्रान्सचं आपाख गाव आहे. सीमा म्हणजे काय याविषयीची आपली शाळेपासूनची समजूत या पुलावर हलते. नकाशात ठळक रेघ असते, जमिनीवर एक रुंद, हिरवट, संथ पाण्याचा पट्टा असतो, आणि तो दोघांचा असतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते हे खरं. पण पायाखाली पूल असताना ती जितकी पटते तितकी वाचून पटत नाही. ताशी एकशेतीसनं जाताना तर ती मनातही येत नाही.

भाचा : पूल बघायला दहा मिनिटं पुरतात, मावशी. दिवस कशाला लागतो? आणि तू सगळं जुन्या काळाच्या चष्म्यातून बघतेस. नाके परत आलेत. जर्मनीनं 16 सप्टेंबर 2024 पासून सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. फ्रान्सनं तर नोव्हेंबर 2015 पासून ती चालूच ठेवली आहे. 2020 च्या मार्चमध्ये साथ आली तेव्हा इथल्या सीमेवरही तपासणी परत आली होती. उघडी सीमा म्हणून जे तू दाखवणार आहेस, ते अर्धंमुर्धंच उरलंय.

मावशी : म्हणूनच तर बघायचं. कायम टिकणाऱ्या गोष्टी नंतरही बघता येतात. आणि या कोपऱ्यात सीमा किती वेळा सरकली ते बघितलंस, तर ती सताड उघडी असणंही किती नाजूक आहे ते कळेल. पलीकडचा फ्रान्सचा मोझेल जिल्हा 1871 साली जर्मनीनं घेतला, 1918 साली तो परत फ्रान्सकडे गेला, 1940 साली पुन्हा जर्मनीकडे आणि युद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्सकडे. पर्ल ज्या सारलांड राज्यात आहे ते दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या अंमलाखाली होतं. 1955 साली तिथल्या लोकांनी मतदान करून वेगळ्या युरोपीय दर्जाचा प्रस्ताव नाकारला आणि 1 जानेवारी 1957 ला ते पश्चिम जर्मनीत आलं. एखादी म्हातारी आपलं घर न सोडता आयुष्यात चार वेळा देश बदलू शकत होती. फ्रान्समधल्या सिएर्क-ले-बांहून दक्षिणेला हॅकेनबर्ग आहे, माजिनो रेषेतला सगळ्यात मोठ्या किल्ल्यांपैकी एक, डोंगर पोखरून केलेले लांबच लांब बोगदे. शेजारी चाल करून येईल म्हणून फ्रान्सनं ते खोदले. शेंगेनच्या पुलापासून तिथवर गाडीनं जायला अर्धा-पाऊण तास लागतो. पूल आणि किल्ला एका दुपारी बघितले की दोघांचाही अर्थ लागतो. तुझ्या दहा मिनिटांत तो लागणार नाही.

इथं रोबेर शुमान यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांचा जन्म 1886 साली लक्झेंबर्गमध्ये झाला. वडील लॉरेनचे, 1871 नंतर जर्मनीचे प्रजाजन झालेले, म्हणून मुलगा जन्मानं जर्मन नागरिक. पहिल्या महायुद्धानंतर लॉरेन फ्रान्सकडे परतलं आणि शुमान फ्रेंच झाले. पुढं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी 9 मे 1950 ला कोळसा आणि पोलाद यांचा कारभार फ्रान्स-जर्मनीनं एकत्र करावा अशी घोषणा केली. त्यातूनच आजचा युरोपीय संघ उभा राहिला. तीन देश एकाच माणसाच्या जन्मकहाणीत यावेत हा या प्रदेशाचा स्वभाव आहे. त्याच्या खुणा बारीकसारीक गोष्टींत उरल्या आहेत. फ्रान्समध्ये आगगाड्या डाव्या बाजूनं धावतात, पण मेसच्या भागात उजवीकडून, कारण तिथली रेल्वे जर्मन अमदानीत वाढली. 26 डिसेंबरला उरलेल्या फ्रान्सला कामावर जावं लागतं आणि या भागाला सुट्टी असते. खुद्द गावाचं नावसुद्धा जर्मन माणूस ‘मेट्स’ उच्चारतो आणि फ्रेंच माणूस ‘मेस’.

भाचा : बरं, इतिहास तुझा. पण संध्याकाळी सात वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की शुमान उपयोगी पडत नाहीत. गावोगावची हॉटेलं कधी बंद असतील याचा नेम नाही. दुपारी तीनला जेवण मागितलं तर नाही म्हणतात. आपल्या घरात दोघं मांस खात नाहीत. अनोळखी भाषेत, अनोळखी गावात, दिवसभर गाडी चालवून दमल्यावर, ताटात काय येईल ही काळजी कशाला? मोठ्या शहरात भारतीय हॉटेल मिळतं, हमरस्त्यावर कुठल्याही वेळी काहीतरी मिळतं. आपल्या यात्रा कंपन्यांनी रात्रीच्या वरणभाताची सोय केली म्हणूनच आपली ज्येष्ठ मंडळी युरोप बघू शकली. ती सोय तू कमी लेखू नकोस.

मावशी : मुळीच नाही. सत्तरीच्या माणसाला आठवा दिवस उजाडला की वरणभातच हवा असतो, आणि तो मिळावा. पण एका संध्याकाळचं म्हणशील तर तुझी अडचण वेळेची आहे, आणि वेळ पाळली की ती सुटते. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. जर्मनीतल्या खेड्यात संध्याकाळी लवकर चूल पेटते आणि लवकर विझते, शिवाय आठवड्यातला एक दिवस, बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवार, सुट्टीचा. रविवारी तर जर्मनीत दुकानंही बंद, तिथल्या घटनेनंच त्या दिवसाच्या विसाव्याला संरक्षण दिलंय, त्यामुळे पाव आणून खाऊ म्हटलं तरी पंचाईत. याला तू गैरसोय म्हणतोस. मी म्हणते, त्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांनाही दुपार असते. आपण त्यांच्या गावात जातोय, घड्याळ त्यांचं असायला हवं. चारशे किलोमीटरच्या दिवशी हे जमत नाही, कारण तुझी भूक रस्त्यावर अवलंबून असते. शंभर किलोमीटरच्या दिवशी सहज जमतं.

जेवणाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं जरा थांबतो. या तिन्ही देशांत एक पदार्थ आहे. कच्चा बटाटा किसायचा, मुठीत दाबून त्याचं पाणी काढायचं, बारीक चिरलेला कांदा, अंडं, थोडं पीठ, मीठ-मिरपूड आणि कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली घालून तळहाताएवढी चपटी वडी तेलात सोडायची. कडेचा कीस जाळीसारखा सुटा होऊन तपकिरी, कुरकुरीत होतो आणि मधला भाग मऊ राहतो. बरोबर बहुतेकदा सफरचंदाचा गोडसर लगदा देतात. खारट-तेलकट घासावर तो आंबटगोड लगदा आपल्या जिभेला परका वाटत नाही, थालीपिठाबरोबर छुंदा खाणाऱ्याला तर नाहीच. लक्झेंबर्गमध्ये याला ‘ग्रोम्परेकीशेल्शर’ म्हणतात, तिथल्या जत्रांमध्ये हा कढईतून थेट कागदात येतो. नदी ओलांडून सारलांडमध्ये गेलं की बटाट्याला ‘ग्रुम्बेर’ म्हणतात, आणि फ्रान्समध्ये लॉरेनच्या जर्मन बोली बोलणाऱ्या पट्ट्यात व अल्सासमध्येही हाच शब्द थोड्या फरकानं येतो. मूळ अर्थ ‘जमिनीतलं नासपती’. बर्लिनचं प्रमाण जर्मन ‘कार्टोफेल’ म्हणतं आणि पॅरिसचं फ्रेंच ‘पोम द तेर’, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. या कोपऱ्यातल्या शेतकऱ्यानं दोन्ही राजधान्यांचं न ऐकता आपलं नासपती राखलं.

आता याच फ्रान्समध्ये, लॉरेन प्रांतातच, दक्षिणेला वोझच्या डोंगरांकडे गेलं की त्याच वडीला ‘रापे’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘किसलेलं’. शब्द फ्रेंच झाला, कारण तिथं पूर्वापार फ्रेंच बोललं गेलं. म्हणजे तीन देशांच्या सीमा जिथं आहेत तिथं बटाट्याचं नाव बदलत नाही, आणि जिथं ते बदलतं तिथं कुठल्याच देशाची सीमा नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका वडीवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. सैन्यांनी आणि तहांनी आखलेली रेघ एक, माणसांच्या बोलण्या-खाण्याची रेघ दुसरी, आणि दोन्ही एकमेकींवर बसत नाहीत, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं असतं. ते दुपारी एकाच्या आणि रात्री आठच्या जेवणामध्ये, दोन ताटल्यांमधून, स्वतःच्या कानांनी आणि जिभेनं तपासता येतं. मराठी माणसाला तर हे लवकर उमगावं. आपण ‘बटाटा’ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला, आणि थोडं उत्तरेला गेलं की तोच ‘आलू’ होतो.

भाचा : आणि हे असं शोधून खाल्लंच नाही तर? मग सगळीकडे तोच युरो, तेच सुपरमार्केट, तोच पिझ्झा.

मावशी : पिझ्झा खाल्लास तरी टेबलावर देश दिसतो, फक्त घाई नको. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट देतात आणि पावाची टोपली आपण न मागता येते. जर्मनीत पाणी बहुधा बाटलीचं आणि पैसे मोजून. फ्रान्समध्ये सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो. जर्मनीत पैसे देताना आपणच रक्कम वर नेऊन सांगायची. रस्त्यावरही तसंच. गावाबाहेरच्या रस्त्याला जर्मनीत 100 ची मर्यादा, लक्झेंबर्गमध्ये 90, आणि फ्रान्सनं 1 जुलै 2018 पासून 80 केली, पुढं जिल्ह्यांना ती पुन्हा 90 करायची मुभा दिली. एका सकाळी तीन कायदे. वासरबिलिशला लक्झेंबर्गमध्ये शिरलास की रस्त्याच्या कडेला पेट्रोल पंपांची रांग लागते, कारण कर कमी आणि शेजारचे लोक टाकी भरायला येतात. आणि मांस न खाणाऱ्यांसाठी दोनच शब्द पाठ कर, जर्मनला ‘ओने श्पेक’, फ्रेंचला ‘सां लार्दों’. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे या भागात सूपापासून कणकेच्या गोळ्यांपर्यंत कशातही पडतात. अंडं चालत नसेल तर तेही आधी विचारायचं. उपाशी राहणार नाहीस. कोचकेस म्हणून वितळवलेलं चीज असतं, पावावर मोहरीबरोबर लावून खातात. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलास तर लॉरेनच्या मिराबेल नावाच्या पिवळ्या, बोराएवढ्या आलुबुखारांचा टार्ट मिळेल.

भाचा : पैशांचं काय? विमानाचं तिकीट, व्हिसा, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडायचं जादा भाडं. रजा दहा दिवसांची. त्यातला एक दिवस तू शंभर किलोमीटरवर खर्च करतेस. सावकाश जाणं ही ज्यांना परत परत जाता येतं त्यांची चैन आहे, मावशी. माझ्या ऑफिसातला कुणी आयुष्यात एकदाच आई-बाबांना घेऊन जाणार असेल, त्याला तू आयफेल टॉवर सोडून बटाट्याची वडी खायला सांगशील?

हाच तो मुद्दा. याला मावशीकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. सावकाश दिवस स्वस्त पडतो हे हिशेबानं दाखवता येईल: इंधन कमी, नदीकाठच्या रस्त्याला टोल नाही, मेसहून पॅरिसला जाणाऱ्या हमरस्त्याला मात्र आहे, आणि पॅरिसमधली एक रात्र वाचते. पण भाचा पैशांबद्दल कमी आणि संधीबद्दल जास्त बोलतो आहे. ज्याला एकदाच जायचं आहे त्यानं पॅरिस बघावं. त्याला कमी रसिक ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. फक्त एक गोष्ट त्याच्याही हिशेबात धरली जावी. दहा दिवसांत सात शहरं बघून आलेल्या माणसाला युरोपचे देश पाठोपाठच्या स्थानकांसारखे आठवतात, एकाचं दुसऱ्याशी नातं काय ते सांगता येत नाही. ते नातं शहरांत दिसत नाही, मधल्या पट्ट्यात दिसतं, आणि मधला पट्टा वेगानं जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

ज्यांचा दुसरा फेरा आहे, ज्यांच्या हाती गाडी आहे, किंवा ज्यांची मुलं तिकडं नोकरीला असल्यानं घाई नाही, त्यांना माझी विनंती आहे की हा एक दिवस राखून ठेवावा. पासपोर्ट सामानात न टाकता हाताशी ठेवावेत, कारण तपासणी कधीही होऊ शकते. सकाळी नऊला ट्रिअर सोडून मोझेलच्या डाव्या तीरानं यावं, एकाच्या आत लक्झेंबर्गमधल्या रेमिशला जेवावं, शेंगेनला गाडी लावून पूल पायी ओलांडावा, मग आपाख आणि सिएर्कवरून दक्षिणेला जावं. मेसमध्ये मुक्काम अशा ठिकाणी घ्यावा जिथून जेवणाच्या हॉटेलपर्यंत चालत जाता येईल. मोझेलची वाइन चाखायची असेल तर गाडीची किल्ली खोलीतच राहावी, तिन्ही देशांत मद्याची मर्यादा सारखीच कडक आहे. साडेसातला टेबल सांगून ठेवावं. मेसहून पॅरिस साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे, आणि न्याहारी करून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं पोचते.